तेजूबाईची तक्रारपेटी

एका गावात एक भोळी बाई होती. बाई म्हणजे शाळेतली बाई. भोळी होती, पण बी.ए., बी.एड. होती. आणि इतकं शिकलेलं माणूस भोळं असूच शकत नाही, अशी तिची पक्की खात्री होती. तिच्या भोळेपणाची सुरुवात तिथूनच व्हायची.

गावाचं नाव आवळेवाडी आणि बाईचं नाव तेजस्विनी. गाव तिला तेजूबाई म्हणे. तेजूबाईला म्हातारी माणसं चालत, पण त्यांचं बोलणं चालत नसे. "बघू", "करू", "होईल सावकाश" असं कुणी म्हटलं की तिचं डोकं तापे. तिचं म्हणणं साधं होतं. काय करायचं ते एकदा नीट सांगा, मी तस्सं करते.

आणि ती तस्सं करायची. घोटाळा होता तो एवढाच.

शाळेचे हेडमास्तर होते पाखरे गुरुजी. गुरुजी अर्धं बोलत आणि अर्धं मिशीत ठेवत. उरलेलं समोरच्याने ओळखून घ्यावं, अशी त्यांच्या पिढीची रीत. तेजूबाईला ती रीत मान्य नव्हती. मिशीतलं ओळखायला ती काही कंगवा नव्हती.

तर झालं असं, की आवळेवाडीच्या शाळेवर सरकारची नजर गेली. पोरं थोडी, खर्च फार. सरकार म्हणालं, आम्ही तपासणी करू. शाळा नियमाने चालत असली तर राहील. नसली तर कुलूप, आणि पोरं ओढ्यापल्याडच्या बोरगावच्या शाळेत.

ओढा उन्हाळ्यात पोरांच्या घोट्यापर्यंत असे. पावसाळ्यात तो बैल वाहून नेई. शाळा समितीच्या अध्यक्ष होत्या कौसाबाई. त्यांची नात चिंगी पहिलीत होती. कौसाबाई म्हणाल्या, "बाई, शाळा गेली तर माझी चिंगी माझ्यासारखीच अंगठेबहाद्दर राहील. त्या ओढ्यातनं मी तिला धाडायची नाही. सांगून ठेवते."

"आजी, मी आहे ना," तेजूबाई म्हणाली. "नियम म्हटलं की माझ्या हातून चूक व्हायची नाही."

पहिल्यांदा आले केंद्रप्रमुख. दुपारच्या खिचडीची तपासणी होती. गुरुजी सकाळीच म्हणाले, "बाई, नियम लक्षात ठेवा. पोरांनी घास घेण्याआधी तुम्ही चव घ्यायची."

तेजूबाईने लक्षात ठेवलं. ताटं वाढून झाली. बाई चिंगीपुढे बसली आणि तिच्या ताटातला एक घास खाल्ला. मग शेजारच्या पोराच्या ताटातला. मग त्याच्या शेजारच्या. दुसऱ्या रांगेत पोचेपर्यंत बाईला धाप लागली, पण ती थांबली नाही. तिसऱ्या रांगेतल्या पोरांनी ताटं छातीशी धरली. बाईने ती ओढून घेतली. नियम म्हणजे नियम.

केंद्रप्रमुख दारात उभे राहून बघत होते. ते गुरुजींना हळूच म्हणाले, "या बाईंना घरी जेवायला घालत नाहीत का हो?"

चिंगी म्हणाली, "माझा वाटाणापण खाल्ला."

केंद्रप्रमुख गेल्यावर गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, चव चमचाभर घ्यायची! एकदाच! आणि लगेच झाकण ठेवायचं!"

"मग हे आधी सांगायचं ना, सर!"

"आता सांगतोय ना!"

चमचाभर. एकदाच. लगेच झाकण. तेजूबाईने पाढ्यासारखं पाठ केलं.

मग आले विस्तार अधिकारी. त्यांना बघायचं होतं, की पोरं वाचनालयातली पुस्तकं वाचतात का. तेजूबाईने कपाट उघडलं. प्रत्येक पोराच्या हातात एकेक गोष्टीचं पुस्तक दिलं. पोरांनी पहिली ओळ वाचली. "बास!" बाई ओरडली, आणि सगळी पुस्तकं पटापट मिटून कपाटात घातली. कपाटावर चादरसुद्धा टाकली. माशी बसू नये म्हणून.

विस्तार अधिकाऱ्यांनी चिंगीला जवळ बोलावलं. "बाळ, काय वाचलंस?"

"एक राजा शिकारीला गेला."

"अरे वा! मग?"

"मग झाकला."

"म्हणजे? राजाचं पुढे काय झालं?"

"तुम्हीच बाईंना विचारा," चिंगी म्हणाली. तिलाही जाणून घ्यायचं होतं.

साहेब गेले. गुरुजींनी टोपी काढून टेबलावर आपटली. "अहो बाई, पुस्तक म्हणजे खिचडी आहे का? शाळेतली वस्तू कपाटात नवी कोरी राहिली की साहेब शेरा मारतात. वस्तू वापरलेली दिसली पाहिजे! सगळ्या पोरांनी! भरपूर!"

"मग हे आधी सांगायचं ना, सर!"

"आता सांगतोय ना!"

वापरलेली दिसली पाहिजे. सगळ्या पोरांनी. भरपूर. बाईने पाठ केलं. मनात म्हणाली, ही मोठी माणसं अर्धवट सांगतात आणि चूक मात्र अख्खी आपल्या पदरात टाकतात.

मग आले गटशिक्षणाधिकारी. ते बघणार होते शाळेतली सुरक्षितता. म्हणजे प्रथमोपचार पेटी आहे का, वगैरे. पेटी होती. पण तेजूबाईने उघडून बघितली तर काय! पट्ट्या नव्या. कापूस नवा. लाल औषधाच्या बाटलीचं बूच कुणी काढलेलं नाही. बाईला धस्स झालं. साहेबांची जीप तर वेशीवर आली होती.

तिने पोरांना रांगेत उभं केलं.

साहेब फाटकातून आत आले आणि तिथेच थबकले. अंगणभर पोरं उभी. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात. सगळ्यांचे गुडघे लालभडक. चिंगीच्या वाट्याला पट्टी जरा जास्तच आली होती. तिचा एक डोळा तेवढा दिसत होता, आणि त्या डोळ्याने ती साहेबांकडे टक लावून बघत होती.

साहेब मनाने हळवे होते. "अरे देवा," म्हणाले आणि खाली बसले. मग उठून जे पळाले ते थेट जीपमध्ये. थोड्या वेळात भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली. तिच्यामागून गावातल्या बाया हंबरडा फोडत आल्या. डॉक्टरने एकेक पोर सोडवून बघितलं. सगळी ठणठणीत निघाली. एकाला तेवढी खरूज निघाली, पण तिला पट्टी बांधलेली नव्हती.

"कसला अपघात?" डॉक्टरने विचारलं.

"अपघात नाही. वापर," तेजूबाई म्हणाली.

त्या दिवशी गुरुजी ओरडलेसुद्धा नाहीत. पायरीवर बसून राहिले. "बाई, आता फक्त राज्याचं पथक उरलंय. त्यांचा शेरा शेवटचा. पाहुणा असा पळून गेला तर शाळा बुडाली. ऐका. पथक खूश झाल्याशिवाय या फाटकाबाहेर पडता कामा नये. समजलं?"

"समजलं. पण हे आधी सांगितलं असतं तर गटसाहेब तरी कुठे पळाले असते?"

पथक यायचा दिवस उजाडला. गुरुजी, कौसाबाई आणि पोलीस पाटील हार-नारळ घेऊन वेशीवर उभे राहिले. पथक आलं मागच्या नव्या रस्त्याने. जुन्या माणसांना वेस तेवढी ठाऊक. त्यामुळे शाळेत पथकापुढे एकटी तेजूबाई.

पथकात एक मोठ्या मॅडम आणि दोन साहेब. बाईने त्या दिवशी काही म्हणजे काही चुकवलं नाही. खिचडीची चव चमचाभर घेतली. पोरांनी पुस्तकं घडाघडा वाचली. राजाचं पुढे काय झालं ते चिंगीला एकदाचं कळलं. मॅडमनी सगळं बघितलं, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. "ठीक आहे," म्हणाल्या. "निघतो आम्ही."

तेजूबाईने त्यांचा चेहरा निरखला. खुशी कुठेच नव्हती. ती पळत गेली आणि फाटकाला आतून कुलूप घातलं.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही खूश झालात का?"

"म्हटलं ना, ठीक आहे!"

"ठीक म्हणजे खूश नव्हे. बसा."

"अहो, तुम्ही राज्याच्या पथकाला कोंडताय!"

"कोंडत नाही. वाट बघतेय."

एक साहेब चावी हिसकायला पुढे आले. बाईने इकडेतिकडे बघितलं. चावी अशा जागी ठेवायला हवी, की कुणालाही घेता येणार नाही. भिंतीवर तक्रारपेटी होती. पत्र्याची, कुलूपबंद, वर नाणं जाईल एवढी फट. बाईने चावी आत टाकली. टप्प.

ती पेटी नियमाशिवाय कुणालाही उघडता येत नसे. बाईलासुद्धा. बाईलासुद्धा, हे बाईच्या ध्यानात जरा उशिरा आलं.

"पेटी उघडा!" मॅडम कडाडल्या.

"उघडते ना. पण हेडमास्तर, समितीच्या अध्यक्ष आणि पोलीस पाटील यांच्या समक्षच उघडायची, असा नियम आहे."

"मग कुठे आहेत ते?"

ते तिघं तेवढ्यात धापा टाकत आले. हातात हार, आणि मध्ये बंद फाटक.

"हे काय समोर उभे आहेत!" मॅडम म्हणाल्या. "उघडा आता!"

"समोर आहेत, पण बाहेर आहेत. पेटी आत आहे. नियमात बसत नाही, मॅडम."

"मूर्ख नियम! काढला तरी कुणी हा?"

एक साहेब बुटांकडे बघत म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षी. तुमच्याच सहीने."

गुरुजी गजांना धरून डोळे मिटून उभे होते. बहुतेक निवृत्तीचा विचार करत असावेत.

शेवटी पोरांनी भिंतीला बाक लावले. साहेब लोक उड्या मारून गेले. मॅडम चढल्या, पण उतरताना साडी अडकली आणि गुडघा खरचटला. "पट्टी आणा!" गुरुजी ओरडले.

"पट्ट्या संपल्या, सर. भरपूर वापर केला ना!"

मग कौसाबाईंनी स्वागताच्या हाराचीच दोरी सोडली, रुमाल ठेवला आणि गुडघ्याला बांधली. वर दोन झेंडू तसेच राहिले. मॅडमनी गुडघ्यावरचे झेंडू बघितले. भिंतीवरून डोकावणारी पोरं बघितली. आणि त्यांना हसू फुटलं. इतकं फुटलं की त्यांनी कौसाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

भिंतीआडून बाईने विचारलं, "मॅडम, खूश झालात?"

"झाले गं बाई, झाले!"

"मग आता तुम्हाला फाटकातून जाता येईल. या परत आत."

मॅडम परत आत गेल्या नाहीत. जीपच्या टपावर कागद ठेवून त्यांनी शेरा लिहिला: 'इथे नियम पाळतात. जरुरीपेक्षा जास्तच पाळतात. शाळा चालू ठेवावी.' खाली सही. कागद गजांतून तेजूबाईच्या हातात दिला आणि लंगडत, हसत निघून गेल्या.

कौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गुरुजी गजांतून म्हणाले, "बाई, या एका कागदावर शाळा तरली. जिवापाड जपा. अशा जागी ठेवा की कुणाचा हात पोचणार नाही!"

अशी एकच जागा बाईला माहीत होती.

टप्प.

गुरुजी या वयात भिंत चढले. कौसाबाई चढल्या. पोलीस पाटलांना पोरांनी ओढून घेतलं. तिघांच्या समक्ष पेटी उघडली. आधी चावी निघाली, मग कागद. पोलीस पाटलांनी पेन काढलं.

"लिहिताय काय, पाटील?"

"पेटीतून निघेल ते तक्रार समजून वर पाठवायचं, असं पेटीवर लिवलंय."

"अहो, ही तक्रार नाही! शेरा आहे!"

"पेटीतनं निघाला का नाय?"

"सर, पाटलांचं बरोबर आहे," तेजूबाई म्हणाली. "नियम..."

गुरुजींनी हात जोडले. पुढचं तिने मिशीत ठेवलं. तिला मिशी नव्हती, तरी ठेवलं.

महिन्याभराने वरून उत्तर आलं. 'शाळा चालू ठेवावी, अशी गंभीर तक्रार आवळेवाडीतून आली आहे. चौकशीसाठी नवं पथक येत आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत शाळेबाबत काहीही बदल करू नये.'

गुरुजींनी ते वाचलं आणि बाईसमोर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अख्खं वाक्य सांगितलं. "तेजूबाई, हे पथक येईल तेव्हा तुम्ही चव घ्यायची नाही, झाकायचं नाही, वापरायचं नाही, कोंडायचं नाही. तुम्ही काही म्हणजे काहीही करायचं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही!"

"हे आधी सांगायचं ना, सर. किती सोपं आहे."

पथक आलं, तेव्हा गुरुजी हार घेऊन वेशीवर होते. पथक मागच्या रस्त्याने फाटकाशी येऊन उभं राहिलं. फाटकाला कुलूप होतं. साहेबांनी गज वाजवले. हाका मारल्या. शिपायाने शिट्टीसुद्धा मारली. आत वर्गाच्या दारात तेजूबाई बसली होती. चावी तिच्या मांडीवर होती. हाताची घडी, तोंडावर बोट. तिच्यामागे सगळी पोरं. हाताची घडी, तोंडावर बोट.

पथक ऊन उतरेपर्यंत थांबलं आणि परत गेलं. चौकशी पूर्ण झाली नाही. मग दुसरं पथक आलं, तेही परत गेलं.

चिंगी आता चौथीत आहे.