मिंगला नाव मिळालं त्याची गोष्ट

फार फार लांब, तिकडे चीन देशात, एक दरी होती बरं का. दरीत सदा धुकं. शेजारचा कोंबडा आरवला तर ऐकू यायचा, पण दिसायचा नाही!

त्या दरीत स्यूलान नावाची बाई राहायची. तिला मुलगी झाली. इवलीशी, मऊमऊ. दूध प्यायची, मुठी आवळायची, पण डोळे काही उघडायची नाही. महिना भरत आला, तिकडच्या रीतीनं बारशाची वेळ झाली. सुईण म्हणाली, "जी बघतच नाही तिला नाव कशाला? वाया जाईल."

स्यूलाननं बाळाला जवळ ओढलं. नवऱ्याला म्हणाली, "अहो, हिला कुणी हाकच मारली नाही, तर ही बघणार कुणाकडे? मी नाव शोधून आणते."

"अगं, धुक्यात वाट चुकशील!"

"चुकेन, विचारत विचारत येईन."

बाळ पाठीशी बांधलं नि निघाली. मग लागली नदी. स्यूलाननं बाळाला नदीच्या नावानं हाक मारली. बाळाचे डोळे मिटलेलेच. मग लागलं बांबूचं बन. बांबूच्या नावानं हाक मारली. बाळानं जांभई दिली, झालं!

आता स्यूलानला रडू फुटलं. रडत रडत ती डोंगर चढत राहिली. चढता चढता धुकं खाली राहिलं, अगदी पिंजलेल्या कापसासारखं. पहाट होत होती. डाव्या हाताला सूर्य वर येत होता, उजव्या हाताला पुनवेचा चंद्र अजून मावळायचा होता. दोघं एकाच आभाळात! स्यूलान रडायचीच विसरली.

तिनं काटकी घेतली. मातीत एक गोल काढला, मधे ठिपका. तो सूर्य. त्याला चिकटून चंद्र, पण दोन्ही गोल सारखे दिसू नयेत म्हणून त्याची नुसती कोर. बाळाला मांडीवर घेतलं नि हळूच म्हणाली, "मिंग." म्हणजे लख्ख उजेड.

पापण्या हलल्या. मग एक डोळा उघडला, मग दुसरा. काळेभोर! बाळ आईकडे बघतच राहिलं. स्यूलाननं तिला असं कवटाळलं म्हणून सांगू!

पुढे लोक ते सूर्य-चंद्राचं चित्रच 'मिंग' हे अक्षर म्हणून कुंचल्यानं लिहू लागले. लिहिता लिहिता सूर्याचा गोल चौकोनी झाला, चंद्राला पाय फुटले. पण अजून ते शेजारी शेजारीच असतात, आणि तिकडे कितीतरी मुलांचं नाव मिंग असतं.

मिंग मोठी झाली, आईबापांसकट सुखानं नांदली. चला, पांघरुणं ओढा वर. हुंकार कोण देतंय अजून? कुणीच नाही? बरं, निजा हं बाळांनो.