उंबरोशीचा बोल

उंबरोशीत पहिल्यांदा आलेला पाहुणा हमखास बिचकतो. समोरच्या घरातली बाई पिशवी घेऊन बाहेर येते, दार ओढते, कडी घालते आणि मग त्या बंद दाराला अशी काही झापते की ऐकणाऱ्याने खाली मान घालावी. आत चिटपाखरू नसतं. तालुक्याला जायचं असो की लेकीच्या गावाला, घर रिकामं सोडताना बोल लावल्याशिवाय इथली बाई पायरी उतरत नाही. पाहुण्याने कारण विचारलं की त्याला पारावर मारुतीआबांकडे धाडतात. आबा आधी पान जमवतात, मग बायजाबाईची गोष्ट सांगतात.

फार मागे, म्हणे, उंबरोशीत बायजा नावाची विधवा राहत होती. नवरा केरबा जाऊन तप उलटलेलं. लोकांच्या खळ्यावर राबून तिने लेकीसाठी, चंद्रासाठी, सोन्याच्या पुतळ्यांची माळ केली होती आणि ती ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरून ठेवली होती. लग्न जत्रेनंतर ठरलेलं. माळ गेली असती तर लग्नही मोडलं असतं, कारण व्याही माळेवरच राजी झाले होते.

त्या साली मुलखात एक चोर सुटला होता. जत्रा असेल त्या गावात तो भरदुपारी शिरे आणि कुलपं बघून घरं फोडी. उंबरोशीची जत्रा टेकडीवर, जानाईची. अख्खं गाव वर जायचं. बायजाने लेकीचं जमलं तर तिला घेऊन ओटी भरीन असा नवस बोललेला, म्हणून घरी थांबायची सोय नव्हती. माळ अंगावर न्यावी तर जत्रेतल्या गर्दीचा काय भरवसा? आणि कुलूप लावणं म्हणजे घरात कुणी नाही अशी दवंडी पिटणं. बिचारीचं डोकं चालेना.

चंद्राला पुढे पाठवून तिने दार ओढलं. तेवढ्यात कडब्याच्या गंजीमागे तिला मुंडाशाचं टोक दिसलं. दुसरी असती तर किंचाळली असती. पण गाव निम्म्या टेकडीवर पोचलेलं, ऐकणार कोण? बायजाने कमरेवर हात ठेवले आणि दाराला तोंड करून पट्टा सोडला.

"पडा तितंच लोळत! कुराड उशाला ठेवलीया, तेवढी तरी हातात घ्या. कोन आत आलं तर इचारत बसू नगा, घाला सरळ डोस्क्यात! आन् कडी भाईरनं घालतीया, न्हाईतर सुटाल गावभर!"

इथवर सोंग होतं. पण बोलता बोलता तिला खरंच भरून आलं. "समद्या पोरींचं बाप संगं निघालं जत्रंला. आपल्या लेकीचं लगीन तोंडावर आलंया, हाय का काई तुमाला त्याचं? एकटीनं किती वडायचं म्या?" आवाज फाटला तशी ती पदराने डोळे पुसत टेकडीच्या वाटेला लागली.

गंजीमागचा चोर, त्याचं नाव रंगू, पार हबकला. कुऱ्हाडीला तो भ्यालाच, पण त्याहून त्याला त्या गड्याची कीव आली. त्याच्या घरीही असाच तोफखाना होता. गडी झोपेल म्हणून तो थांबला. मग अंदाज घ्यायला ओट्यावर चढून वाटसरूसारखं म्हणाला, "दादा, जागं हाय का?"

आतून आलं, "हूं."

रंगू मटकन खाली बसला. "वैनी लईच बोलल्या."

"हूं."

झालं! रंगूने आपलं सगळं रडगाणं काढलं. बायको, सासू, मेव्हणा, कुणालाच सोडलं नाही. त्याचं इतकं निवांत आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. उन्हं कलली, गाव जत्रेहून परतलं, तरी हा मांडीवर पहार घेऊन बंद दाराची समजूत काढत होता, "मनाला लावून घिऊ नगा, दादा."

लोकांनी त्याला धरला. तो ओरडला, "मारू नगा! म्या कडीला हात लावला न्हाई, दादास्नी इचारा, मगाधरनं आतनं हूं हूं करत्यात!"

बायजाने कडी काढली. घर रिकामं. कणगी जागच्या जागी, तळाला माळही तशीच. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. माळ्यावर पारवे घुमत असतील असं काही शहाणे म्हणतात. आबांना ते पटत नाही. पारवा समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतो होय, असं ते विचारतात.

चंद्राचं लग्न थाटात झालं आणि मांडवात पाणी भरायला, म्हणे, रंगूच होता. पण जत्रेच्या त्या संध्याकाळी माळ हातात घेऊन बायजा उंबऱ्यावर बसली ती हलेना. बाया म्हणाल्या, "देव पावला, आता का रडतीस गं?" तशी ती आतल्या अंधाराकडे बघून कडाडली, "तप झालं, रोज रातच्याला हितं बसून म्या एकटीच बोलतीया. मला कदी हूं केलं न्हाई. आन् चोराला हूं?"

आजही उंबरोशीतली बाई रिकाम्या घराला बोल लावते आणि बोलून झालं की क्षणभर दाराला कान लावून उभी राहते. काय ऐकतेस म्हणून विचारलं तर सांगते, "काय न्हाई, कडी नीट बसली का बगत हुते."