एरंडाच्या देठातली सनई

भोकरटाकळीत केवळनाथ महाराज आले, ते परटांच्या आळीतल्या एका गोठ्यात उतरले. गावातल्या धनाढ्य आबाशेटाने माडीवर गादी घालून बोलावणं धाडलं होतं. महाराज गेले नाहीत. का जातील? गादी लागते ती झोप उडालेल्यांना!

त्या गोठ्याशी हैबती गुरव रोज पहाटे सनई वाजवी. पंचक्रोशीत तसा वाजवणारा नव्हता. घराचं छप्पर गळकं, बायकोच्या लुगड्याला गाठी; पण गडी भाकरी खाऊन ढेकर द्यायचा आणि पडल्या पडल्या घोरायचा. आबाशेटाला मुगाचं कढणही पचत नव्हतं. वैद्य झाले, नवस झाले, पोटातली आग काही विझेना.

त्या वैशाखात एकाच गोरज मुहूर्तावर गावात दोन लग्नं निघाली. एक आबाशेटाच्या लेकीचं, दुसरं सगुणा परटिणीच्या लेकीचं. सगुणा विधवा. तिच्या मांडवात फुकट वाजवायचा शब्द हैबतीने आधीच दिला होता.

आबाशेट सोन्याचं कडं घेऊन त्याच्या दारात आला.

"हे घाल हातात, आणि माझ्या मांडवात ये."

"शेटजी, शब्द गेलाय परटिणीला."

"ती काय देणार तुला? रिठ्याचं पाणी?" शेटाबरोबरची माणसं खिदळली.

"तिची पोर माझ्या सनईवर नाचत वाढली. ती बोहल्यावर उभी राहील तेव्हा मीच वाजवणार. त्या सुखाचं कडं घडत नाही, शेटजी."

"फाटक्या धोतराला सुख! मर तिकडं!"

दाराआडून भागूने, हैबतीच्या बायकोने, सगळं ऐकलं होतं. कड्याकडे तिचा जीव ओढला, खोटं कशाला सांगू? पण ती म्हणाली, "बरं केलंत. ते घालून घरात आला असतात, तर मला तुमच्या तोंडाकडं बघवलं नसतं."

लग्नाच्या दिवशी हैबती नदीवर अंघोळीला गेला, तेवढ्यात शेटाच्या गड्याने घरात शिरून सनई पाट्यावर ठेचली. दिवस कलला होता. दुसरी सनई आणायची कुठून? शेटाने तर शहरातून वाजंत्री आणवले होते.

हैबती तुकडे घेऊन महाराजांपुढे आला. रडला नाही.

"महाराज, थाळी बडवीन, तोंडाने सूर काढीन, पण वाजवल्याशिवाय राहणार नाही!"

महाराजांनी गोठ्यामागच्या एरंडाचं पान तोडलं आणि त्याचा पोकळ देठ हैबतीच्या हातात ठेवला. महाराज म्हणाले, "बाबा, फुंकणारा शाबूत आहे ना? मग त्यांनी फोडलं काय? जा!"

एरंडाची पिपाणी! वऱ्हाडातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हैबतीने डोळे मिटले, फुंकर घातली आणि काय सांगावं! त्या हिरव्या देठातून असा सूर निघाला की हसणाऱ्या बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. सगुणाच्या लेकीवर अक्षता पडल्या.

तिकडे शेटाच्या मांडवात वाजंत्र्यांचे गाल फुगून लाल झाले, पण एकाही सनईतून चूं निघेना! व्याही अडून बसले, "मुक्या मांडवात आमचा मुलगा उभा राहणार नाही." अंतरपाटामागे शेटाची लेक स्फुंदू लागली. शेट तसाच अनवाणी, बोडक्या डोक्याने परटांच्या आळीत धावला.

"हैबती, दोन कडी देतो, चार देतो! चल!"

हैबतीला वाटलं, याच्या तोंडावर थुंकावं. त्याने मांडवात बसलेल्या महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी नजर नवरीकडे वळवली. मग तो स्वतःच उठला.

"कडी ठेवा तुमच्याकडं. तुमच्यासाठी येत नाही मी. लेक गावाची आहे. चला, मुहूर्त टळेल!"

त्याच देठावर त्याने दुसरं लग्नही वाजवलं. बाहेर निघाला तेव्हा हात रिकामे होते आणि तोंडभर हसू होतं. ते हसू पाहून शेट त्याच्यामागून चालू लागला.

परटांच्या आळीत पंगत बसली होती. शेट चिंध्या ल्यालेल्या लोकांत मांडी घालून बसला, आमटीत भाकरी कुस्करली आणि पोटभर जेवला. पोटातली आग कुठल्या कुठे पळाली! पैशाने सगळं मिळतं म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. औषधाची पुडी विकत मिळते, भूक मिळत नाही.

तो उठला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथं काय पडतोस? माझी सनई फोडली होतीस का?"

शेट वळला. हैबती खरकट्या हाताने ओशाळून मागे सरत होता. "अहो शेटजी, राहू द्या..."

भर पंगतीत गुडघे टेकून आबाशेटाने आपलं कपाळ त्या गुरवाच्या धुळीने भरलेल्या पावलांवर ठेवलं.