रखमाजीने पाठ फिरवली

मुंग्यांना बोलता येत होतं, पण बोलायची सोय नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. एका वारुळात सगळं धान्य एकाच कोठारात असे आणि कुणी काय खायचं ते पुढारी ठरवी. पुढाऱ्यानं काहीही विचारलं की सगळ्यांनी एकदम मिशा वर करायच्या, म्हणजे झाला होकार.

रखमाजी मुंगळा पुढारी झाला तेव्हा कोठार गळत होतं आणि ज्वारी कुजत होती. त्यानं भर सभेत विचारलं, "कोठार ठीक आहे ना?"

साऱ्या मिशा वर.

रखमाजी वैतागला. "आजपासून मिशा वर करायची सक्ती बंद. मान्य?"

साऱ्या मिशा वर.

त्यानं कपाळाला हात लावला. मग दोन खडे मांडले. एक स्वतःचा, दुसरा गळतीखाली गुपचूप पान लावणाऱ्या ठकी मुंगीचा. "जो पुढारी हवा, त्याच्या खड्यापाशी एक दाणा ठेवा. मी पाठ फिरवून बसतो."

वळून बघतो तर ठकीचा खडा दाण्यांच्या ढिगात दिसेनासा झालेला. त्याच्या खड्यापाशी एकच दाणा होता, तोही त्यानंच ठेवलेला.

दुपारी सवयीनं तो जेवणाच्या रांगेत पुढे घुसला.

"रखमाजीराव, मागे व्हा," ठकी म्हणाली.

तो हसत शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढची म्हातारी मुंगी सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुरकुरली, "कोठार अजून गळतंय. ही ठकी करते तरी काय?"

रखमाजीच्या मिशा, कुणी न विचारताच, वर गेल्या.