टिपोजी उंदीर आणि बिनहँडलाची गाडी

त्याचे संपूर्ण नाव टिपोजी दगडोजी कुरतडे. वय वर्षे दोन. उंदरांमध्ये हे म्हातारपणच.

टिपोजी कोल्हापुरात एका गॅरेजच्या भिंतीत राहत असे. घरात दोघेच. टिपोजी आणि त्याची नात बिट्टी. बिट्टीचे आईबाप पिंजऱ्यात गेले, ते परत आले नाहीत.

गॅरेजात एक लाल गाडी होती. मालक रणधीरराव यांना ती सर्वांहून वेगळी हवी होती. म्हणून दस्तगीर मिस्त्रीने दारांची हँडले काढली. तेथे भोके राहिली. भोके लांबीने बुजवली. लांबी म्हणजे पत्र्यावर लिंपायचा मऊ लगदा. लांबी वाळली नाही, तोच घाईने वर रंग दिला. दारे गुळगुळीत झाली. आता दार बटणावर उघडणार होते. बटण बॅटरीवर चालणार होते.

मग एक चूक झाली. मिस्त्रीने बॅटरी काढून चार्जिंगला पाठवली. आणि दारे लावून टाकली. धाड. धाड.

बिट्टी आत गादीवर झोपली होती.

ऊन चढले. पत्रा तापला. काचा बंद. आतून आवाज आला. चीं चीं चीं चीं.

टिपोजी धावला. तुरुतुरु, तुरुतुरु. दारापाशी आला.

"दारा, दारा, उघड. बिट्टी आत अडकली."

दार म्हणाले, "बॅटरी उद्या येईल. तोवर मी उघडत नाही. घाई असेल तर हँडल आण."

टिपोजी निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. हँडल एका डब्यात पडले होते. धुळीने माखले होते.

"हँडला, हँडला, बस. दार उघडेना, बिट्टी आत अडकली."

हँडल म्हणाले, "मला काढून टाकले. मी आपणहून बसत नाही. पान्हा फिरला तर बसेन."

आतून आवाज आला. चीं चीं चीं.

टिपोजी निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. पान्हा खिळ्याला टांगला होता.

"पान्ह्या, पान्ह्या, फिर. हँडल बसेना, दार उघडेना, बिट्टी आत अडकली."

पान्हा म्हणाला, "मला हात नाहीत. मिस्त्री उठला तर फिरेन."

टिपोजी निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. दस्तगीर मिस्त्री डबा उघडून भाकरी खात होता.

"मिस्त्री, मिस्त्री, उठा. पान्हा फिरेना, हँडल बसेना, दार उघडेना, बिट्टी आत अडकली."

मिस्त्रीने घास गिळला. "मालक म्हणाले काढा, मी काढलं. मालक म्हणतील लावा, मी लावीन. उंदराच्या सांगण्यावरून मी काम करत नाही, बाबा."

आतून आवाज आला. चीं चीं.

टिपोजी निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. रणधीरराव खुर्चीत बसून गाडीकडे पाहत होते.

"मालक, मालक, सांगा. मिस्त्री उठेना, पान्हा फिरेना, हँडल बसेना, दार उघडेना, बिट्टी आत अडकली."

रणधीरराव हसले. अशी गाडी साऱ्या जिल्ह्यात नाही, असे त्यांनी उंदराला ऐकवले. हँडल हवेच असेल तर तुझ्या मिशीचे लावू काय, असेही विचारले. मग म्हणाले, "हे दार आरशासारखं आहे. त्याच्यावर ओरखडा पडला तर बघू."

आतून आवाज आला. चीं.

टिपोजीला आता धाप लागली होती. तरी तो निघाला. तुरु... तुरु... काळी मांजर पत्र्याच्या सावलीत पडली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"मांजरी, मांजरी, ओरखडा काढ. मालक सांगेना, मिस्त्री उठेना, पान्हा फिरेना, हँडल बसेना, दार उघडेना, बिट्टी आत अडकली."

मांजरीने एक डोळा उघडला. "म्हाताऱ्या, तुला खाऊन काय मिळणार, हाडेच हाडे. ओरखडा काढते. मला तुझी शेपूट दे."

शेपटीवर उंदीर तोल सांभाळतो. शेपटीविना भिंतीवर चढता येत नाही. टिपोजीला हे ठाऊक होते.

त्याने विचारले, "दार उघडल्यावर बिट्टीला हात लावशील?"

"नाही लावणार. हा माझा शब्द."

आतून आवाज आला नाही.

टिपोजीने पाठ फिरवली. शेपूट पुढे केली. डोळे मिटले.

कट्.

मांजर उठली. दारापाशी गेली. नखे बाहेर काढली. खर्र, खर्र, खर्र. लाल रंग निघाला. ओली लांबी ढेकळासारखी गळून पडली. जुने भोक उघडे झाले, पण त्यातून आत जायला वाट नव्हती. मांजर शेपूट तोंडात धरून निघून गेली. मागे वळून पाहिले नाही.

रणधीरराव धावत आले. भोक पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मिस्त्री, हँडल लावा. हे भोक झाका."

मालक सांगू लागला, मिस्त्री उठू लागला. मिस्त्री उठू लागला, पान्हा फिरू लागला. किर्र, किर्र, किर्र. पान्हा फिरू लागला, हँडल बसू लागले. हँडल बसले, मिस्त्रीने ओढून पाहिले.

खट्ट. दार उघडले.

गरम वाफ बाहेर आली. बिट्टी गादीवर आडवी पडली होती. हलत नव्हती. टिपोजी आत शिरला. तिला कानाला धरून ओढत बाहेर आणले, सावलीत ठेवले. मिस्त्रीने एकदा उंदराकडे पाहिले, एकदा तापलेल्या गादीकडे पाहिले. मग आपल्या तांब्यात बोट बुडवले. बिट्टीच्या तोंडावर एक थेंब सोडला. टप्. दुसरा सोडला. टप्. तिसरा सोडला. टप्.

"ऊठ गं बाय," मिस्त्री हळूच म्हणाला.

बिट्टीचे नाक हलले.

चीं.

तेव्हापासून टिपोजीला शेपूट नाही. तो भिंतीवर चढत नाही. जमिनीवरून सावकाश चालतो, आणि दाणे आणायला बिट्टी वर जाते.