माती चालणार नाही

“धुऊन टाकू? सगळी माती?”

“सगळी, अक्का. मुळांना कणभरसुद्धा राहता कामा नये. नाहीतर विमानतळावर पुन्हा काढून घेतील.”

तांबुळवाडीच्या मठात उमाअक्का सोनचाफ्याचं रोप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोर भार्गव, त्यांचा जुना शिष्य. अकरा वर्षं मॉरिशसमध्ये राहून तो तिथल्या लोकांना अक्कांची उपासना शिकवत होता. मागच्या खेपेला त्यानं असंच रोप नेलं, तर तिथल्या अधिकाऱ्यानं ते मातीसकट जाळायला पाठवलं. म्हणून या खेपेला तो जय्यत तयारीनं आला होता. परवाना हातात होता; रोपाला कीड नसल्याचा सरकारी दाखला उद्या मिळणार होता.

“तिकडं चाफा होत नाही?” अक्कांनी विचारलं.

“होतो की. आमच्या अंगणातच आहे. पण तो... तिथला.”

“आणि उपासना?”

भार्गव चाचरला. “आठ महिने बंद ठेवलीय. मठातला चाफा अंगणात लागल्याशिवाय दार उघडणार नाही, असं सांगितलंय मी सगळ्यांना.”

“मग लोक?”

“येतात. पायरीवर बसतात... जातात.”

अक्कांनी रोप घमेल्यात धरलं आणि तांब्यानं पाणी सोडत एकेक मूळ बोटांनी मोकळं केलं. पांढरी मुळं उघडी पडली. भार्गवनं लगबगीनं ओलं फडकं पुढं केलं.

अक्कांनी रोप बाजूला ठेवलं. “पाय पुढं कर.”

“माझे?”

बागेतून आल्यामुळं त्याचे पाय चिखलानं भरले होते. “अक्का, राहू द्या, मी धुतो...”

तोवर त्यांनी त्याचा घोटा धरला होता. ज्यांच्या पायांवर जन्मभर डोकं ठेवलं, त्या वाकून त्याची टाच चोळत होत्या. भार्गवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोटांच्या बेचक्यांतला चिखलही त्यांनी निपटून काढला. मग पदराला हात पुसले.

“रोपाची गेली, तुझीच राहिली होती. जा. आता सोडतील.”

भार्गवला काहीच उमगेना. रोप घमेल्याशेजारी तसंच पडलं होतं. ते उचलावं की नाही, हेही त्याला कळेना.

“सोडतील म्हणजे... रोपाला ना, अक्का?”

“अडवलं कुणाला होतं?”