हजार भाकऱ्या

“म्हणजे ही भाकरी नव्हेच?” उस्तादांनी विचारलं.

“मुळीच नव्हे. तो सूर्य आहे,” रायरीकर म्हणाले.

नाईलच्या पश्चिम काठावर, एका प्राचीन थडग्याच्या दारातल्या शिळेसमोर दोघे बसले होते. इजिप्तची चित्रलिपी रायरीकर तरुणपणी या उस्ताद हलीमांकडेच शिकले होते. आता पुण्याहून मुद्दाम आले होते. शिळेवरच्या मजकुराचा नवा अर्थ त्यांना लागला होता आणि कैरोच्या परिषदेत तो मांडायचा होता. पण उस्तादांनी मान डोलावल्याशिवाय तिथं त्यांना कुणी हिंग लावून विचारणार नव्हतं.

मजकूर तसा साधा होता. थडग्यातला माणूस, कुणी एक राजपुरोहित, विनवत होता, की माझ्या दारावरून जाणाऱ्यांनो, माझं नाव घ्या आणि नुसतं तोंडानं म्हणा, याला हजार भाकऱ्या मिळोत, हजार घडे बिअर मिळो, बदकं मिळोत, कांदे मिळोत.

“एवढा मोठा राजपुरोहित भाकऱ्या कशाला मागेल?” रायरीकरांनी सगळं उलगडून सांगितलं. भाकरी म्हणजे सूर्य. घडा म्हणजे देह. बदक म्हणजे अर्थातच आत्मा.

“आणि कांदे?”

कांद्यांनी रायरीकरांना फार छळलं होतं. अखेर एकदा दाढी करताना उलगडा झाला. कांदे म्हणजे मायेची आवरणं.

“अस्सं...”

उस्तादांनी फडकं सोडलं आणि ते जेवायला लागले. भाकऱ्या, थोडं चीज, कांदा. रायरीकर पहाटे हॉटेलातून उपाशीच निघाले होते. तरी ते बोलत राहिले. ऊन चढलं. फडक्यात शेवटची भाकरी उरली, तेव्हा त्यांच्या पोटानं असा काही आवाज केला, की आत्म्याचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

“उस्ताद... थोडी भाकरी मिळेल का?”

उस्तादांनी भाकरी उचलली. उन्हात धरली. उलटून पाहिली. चष्मा लावून तिच्यावरचे डाग न्याहाळले. मग डोळे मिटून घेतले.

बराच वेळ गेला.

“उस्ताद?”

“थांब जरा. तू नेमकं काय मागतोयस, त्याचा अर्थ लावतोय.”

रायरीकर शिळेकडे वळले. ‘नुसतं तोंडानं म्हणा’ ही ओळ त्यांनी कित्येकदा उतरवून घेतली होती, तिच्यावरून ते तावातावानं भांडले होते; म्हटलं मात्र कधीच नव्हतं.

ते उठले. टोपी काढली. आजूबाजूला कुणी नाही ना, हे बघून घेतलं आणि घसा खाकरून तो सगळा मजकूर मोठ्यानं म्हटला. कांद्यांसकट. शेवटी त्या माणसाचं नावही घेतलं.

उस्तादांनी मान डोलावली. भाकरी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली, अर्धी शिळेपुढे.

“बसा आता,” ते म्हणाले. “दोघेही.”